आतड्यांचा दाह आणि अंगाचा शीण



वसंत व्याख्यानमालेत आरोग्यावरचे व्याख्यान म्हटले की श्रोते बहुधा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार ऐकण्याच्या तयारीने येतात. आज मी घेतलेला विषय त्या मानाने आडबाजूचा आहे. आतड्यांना वर्षानुवर्षे सूज धरणारे काही रोग आहेत. त्या रोग्यांना पोटाच्या तक्रारींइतकाच, आणि पुष्कळदा त्यांहूनही अधिक, जाच होतो तो थकव्याचा. हा थकवा बाहेरून दिसत नाही, थर्मामीटरवर उतरत नाही, आणि त्यामुळे घरात व कचेरीत तो आळस म्हणून रोग्याच्या नावावर मांडला जातो. त्याच्यामागे शरीरातील ठाम कारणे असतात आणि त्यांतील कित्येक शोधून दूर करता येतात, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आरंभी रोगाची ओळख करून घेऊ. दाह म्हटले की आपल्याकडे छातीत किंवा पोटात होणारी जळजळ डोळ्यांपुढे येते. येथे तो अर्थ नाही. लागलेले बोट लाल होऊन सुजते, ठणकते. तसाच प्रकार आतड्याच्या आतल्या अस्तरात होतो, आणि बोटाप्रमाणे चार दिवसांनी न ओसरता तो वर्षानुवर्षे कमीअधिक चालू राहतो. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच आतड्यावर रुष्ट झालेली असते. या रोगांचे मुख्य प्रकार दोन. मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडून शौचावाटे रक्त जाते तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली त्याचे वर्णन केले. दुसरा क्रोन्स डिसीज. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो, परंतु त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचे शेवटचे टोक. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांनी १९३२ साली त्यावर निबंध लिहिला. नावे वर्णानुक्रमाने छापली गेली आणि कीर्ती एकट्या क्रोनला मिळाली!

आपल्याकडे हे रोग ओळखले जावयासच वेळ लागतो. रक्त पडते म्हणून मूळव्याधीचे औषध होते; आव झाली म्हणून गोळ्या होतात; क्रोन्स आणि आतड्याचा क्षय ही तर दिसावयास इतकी सारखी दुखणी की अनुभवी डॉक्टरही चकतात. त्यामुळे निदान होईपर्यंत रोग्याचे अंग आधीच बरेच खचलेले असते. आणखी एक खुलासा. ज्यात आतड्याला सूज किंवा व्रण काहीच नसते, पण कोठा मात्र सदा बिघडलेला असतो, ते इरिटेबल बॉवेल नावाचे दुखणे निराळे. नावांच्या साम्यामुळे घोटाळा होतो म्हणून सांगितले.

आता थकव्याकडे वळू. दिवसभर राबून आलेला थकवा आणि हा थकवा यांत फरक कोणता? पहिला झोपेने जातो. दुसरा रात्रभर झोपूनही सकाळी उशाशी बसलेला असतो. जिना चढताना पाय जड होतात, वर्तमानपत्रातील एक परिच्छेद दोनदा वाचावा लागतो, ओठांवरचा शब्द सापडत नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर या रोगांपैकी सुमारे निम्म्या रोग्यांना असा थकवा असतो असे दिसते. रोग भडकलेला असताना हे प्रमाण पुष्कळच वाढते, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. आतडे शांत झाले, रक्त थांबले, तपासणीत अस्तर स्वच्छ दिसले, तरीही दहांपैकी चारपाच जणांचा थकवा मागे उरतो. डॉक्टर म्हणतात, “तुम्ही आता बरे आहात,” आणि रोगी घरी जाऊन दुपारी चार वाजता अंथरूण घालतो.

डॉक्टरांना हे इतकी वर्षे कसे दिसले नाही, असे आपण विचाराल. त्याचे एक कारण इतिहासात आहे. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या दोघांनी २१० रोग्यांवर कॉर्टिझोनचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोलायटिसच्या उपचारात त्याने क्रांती केली. रोग किती तीव्र आहे हे ठरविण्यासाठी त्यांनी जी कसोटी लावली तीत दिवसातून शौचास किती वेळा, रक्त किती, ताप, नाडी, हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी खाली बसण्याचा वेग एवढ्या गोष्टी होत्या. ती कसोटी आजही वापरली जाते. तिच्यात थकव्याचा रकाना नाही. त्या काळी हा रोग माणसे मारीत होता. जीव वाचविणे हेच काम असताना शीण कोण मोजणार? पण जो रकाना नसतो त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही ते हळूहळू नसल्यासारखेच होते. या रोगातील थकवा मोजण्यासाठी खास प्रश्नावली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी तयार केली, ती २०१४ साली.

कारणांपैकी पहिले आणि सर्वांत जास्त उपयोगी पडणारे कारण म्हणजे लोह. येथे थोडा हिशेब करू. बेरीज-वजाबाकीपलीकडे त्यात काही नाही. आपल्या शरीरात सारे मिळून तीनचार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या खिळ्याइतके. त्यातील सुमारे दोनतृतीयांश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले. अन्नातून दररोज अंगी लागते ते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असते. आता ज्याच्या शौचावाटे रोज दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर रक्त जाते, त्याचे पाच मिलिग्रॅम लोह रोज खर्ची पडते. मिळकत दोन आणि खर्च पाच! पुरुषाच्या यकृतात व इतरत्र मिळून सुमारे एक ग्रॅम लोह शिलकीत असते. ते या वेगाने वर्षाच्या आत संपते. स्त्रियांची शिल्लक मुळातच पुष्कळ कमी, तेव्हा त्यांचे दिवाळे काही महिन्यांतच निघते. रोज दोन चमचे रक्त जाणे ही गोष्ट रोग्याला फारशी भयंकर वाटत नाही, सवय होते.

एवढ्यावर भागत नाही. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतील लोह काढून घेऊन शरीर पुन्हा नव्या पेशींना पुरविते. अशी उलाढाल रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅमची असते. जुनी भांडी मोडीत घालून नवी घडवावी तसा हा व्यवहार. यकृतात तयार होणारा हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ या लोहाच्या कोठाराच्या किल्ल्या सांभाळतो. तो २००० सालच्या सुमारास संशोधकांना सापडला. शरीरात दाह असला की हेप्सिडिन वाढते आणि कोठाराला कुलूप पडते. आतड्यातून नवे लोह आत येत नाही, साठ्यातील लोह बाहेर पडत नाही. मूळ योजना शहाणपणाची आहे. जंतूंनाही वाढण्यासाठी लोह लागते, तेव्हा शत्रू दारात असताना धान्य कुलुपात ठेवावे, असा तो बेत. पण येथे शत्रू नसतोच, आणि कुलूप मात्र वर्षानुवर्षे लागलेले.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. दाह जोरात असताना लोहाच्या गोळ्या पुष्कळांना सोसत नाहीत, आणि पोटात गेल्या तरी अंगी फार कमी लागतात. अशा वेळी शिरेतून लोह देतात. नातेवाइकांना सलाईनची बाटली पाहून धास्ती वाटते, पण या रोगात तो नेहमीचा मार्ग आहे. दुसरी गोष्ट तपासणीची. लोहाचा साठा फेरिटिनवरून कळतो. परंतु दाह असला की फेरिटिन स्वतःच वाढते. निरोगी माणसात तीसच्या खालचे फेरिटिन कमी मानतात. दाह चालू असताना शंभरापर्यंतचा आकडाही लोहाची तूट लपवीत असू शकतो. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र त्या आकड्यापुढे ‘नॉर्मल’ असे छापून येते. आणि हिमोग्लोबिन पुरुषात तेरा, स्त्रीत बारा या रेषेच्या वर असले म्हणून लोह पुरेसे आहे असेही नव्हे. स्नायूंतील ज्या यंत्रणेतून शक्ती निर्माण होते तिलाही लोह लागते, आणि रक्त उतरण्याच्या आधीच शीण जाणवू लागतो. जाता जाता चहाविषयी. थकलेला माणूस जेवून उठला की चहा मागतो. चहातील टॅनिन अन्नातील लोहाला धरून ठेवते. चहा सोडा असे सांगण्याचे धाडस मी या व्यासपीठावरून करणार नाही; जेवणानंतर तासदीड तास थांबून घ्यावा, इतकेच.

लोहानंतर बी-१२. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकातच शोषले जाते, आणि क्रोन्सची आवडती जागा तीच, हे मघाशी सांगितले. त्या टोकाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढला असेल तर तूट पडणे जवळजवळ ठरलेले. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून शस्त्रक्रिया आणि तिचा परिणाम यांचा संबंध रोग्याच्या किंवा घरच्यांच्या ध्यानातच येत नाही. आपल्या प्रांतात याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे व आसपासच्या पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे दोनतृतीयांश लोकांचे बी-१२ कमी निघाले. शाकाहार हे त्याचे एक मोठे कारण. मुळात तोकडी शिदोरी, त्यात शोषणारी जागाच नादुरुस्त! अशा रोग्याला इंजेक्शने घ्यावी लागतात, आणि ती कंटाळा न करता घ्यावीत.

फोलिक आम्लाची कथा तर थेट मुंबईची आहे. सल्फासालाझिन नावाचे या रोगावरील जुने औषध फोलिक आम्ल शोषण्यात अडथळा आणते, म्हणून त्याच्या जोडीला फोलिक आम्लाची गोळी देतात. या आम्लाचा पहिला माग लागला तो १९२८ नंतर मुंबईत. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई येथील कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करीत होत्या. मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्याने त्या स्त्रिया सुधारतात असे त्यांना आढळले आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कातील तो गुणकारी पदार्थ म्हणजेच फोलिक आम्ल असे पुढे निश्चित झाले. गिरण्या गेल्या, गोळी राहिली.

समजा, लोह भरले, बी-१२ भरले, तरीही माणूस थकलेलाच आहे. मग काय? येथे विषय खरा रंगतो. आजारी बैल आपण पाहिला असेल. तो चारा सोडतो, गोठ्याच्या कोपऱ्यात मान टाकून बसतो, हाकेला ओ देत नाही. आपण म्हणतो, त्याच्यात ताकद उरली नाही. बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्याने १९८८ साली एका निबंधात निराळा विचार मांडला. आजारी जनावराचे हे वागणे म्हणजे नुसती अशक्तता नसून मेंदूने दिलेला हुकूम असतो. हिंडू नको, खाण्याच्या मागे धावू नको, असेल नसेल ती शक्ती तापासाठी आणि लढाईसाठी राखून ठेव. हा हुकूम निघतो तो सायटोकाइन नावाच्या पदार्थांच्या सांगाव्यावरून. रोगप्रतिकारक पेशी ते सोडतात. रक्तातून आणि पोटापासून मेंदूपर्यंत गेलेल्या व्हेगस नाडीतून त्यांचा संदेश वर पोहोचतो. फ्ल्यू झाला असताना अंग मोडून येते, कोणाशी बोलू नये असे वाटते, सिनेमाही नको होतो. ते याच संदेशाने. फ्ल्यूत हा हुकूम पाचसहा दिवसांत मागे घेतला जातो. सुजलेल्या आतड्यातून तो रोज नव्याने निघत राहतो. म्हणजे या रोग्याला वर्षातील कित्येक दिवस फ्ल्यूच्या तिसऱ्या दिवसासारखे जातात, आणि त्याच अंगाने त्याला सकाळची ८.१२ ची लोकल पकडावयाची असते.

म्हणूनच थकवा हा पुष्कळदा रोग पुन्हा डोके वर काढीत असल्याचा पहिला इशारा ठरतो. पोट बरे वाटते पण शीण वाढला, असे झाले तर रक्तातील सीआरपी आणि शौचातील कॅलप्रोटेक्टिन या दोन तपासण्या करून घ्याव्यात. दाह मूळापासून शमविणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे १९९८ पासून क्रोन्सवर वापरात आहेत. ती लागू पडली की रोग्यांचा शीण बहुधा कमी होतो, पण सर्वांचा सगळा जात नाही. दीर्घ दाहाने मेंदूची ती घंटा इतकी हळवी होते की पुढे लहानशा कारणानेही वाजू लागते, असे काही संशोधक मानतात.

इतर कारणे थोडक्यात सांगतो. रात्री तीनचारदा उठावे लागले तर झोप कसली? स्टेरॉइडच्या गोळ्या झोप उडवितात आणि मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजवितात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकाएकी बंद केल्या तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड करणारी ग्रंथी झोपलेलीच राहते. मग पराकाष्ठेचा अशक्तपणा, चक्कर, वांती आणि प्रसंगी जिवावरचे संकट. “आता बरे वाटते” म्हणून, किंवा शेजारच्याने सांगितले म्हणून, या गोळ्या कधीही आपल्या मनाने थांबवू नयेत. मनाची उदासी या रोगात पुष्कळ आढळते आणि ती थकव्याला खतपाणी घालते. तिच्यावर उपचार आहेत व ते घेण्यात कमीपणा नाही. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व हेही पाहून घ्यावे.

पथ्याविषयी मात्र मला थोडे रागाने बोलावेसे वाटते. पोटाचा रोग म्हटला की आपल्याकडे ताट आवळत जाते. दूध बंद, डाळ बंद, उसळ बंद, फळे बंद. शेवटी मऊ भात आणि ताक एवढेच उरते. प्रत्येक नातेवाईक एकेक पदार्थ कमी करावयास सांगतो, वाढवावयास कोणी सांगत नाही. रोग भडकला असताना किंवा आतडे अरुंद झाले असता काही पदार्थ टाळावे लागतात हे खरे. परंतु सुजलेल्या आतड्यातून प्रथिने गळतात, दाहात स्नायू झिजतात, आणि अशा माणसाला निरोग्याहून अधिक प्रथिने लागतात. महिनोन्‌महिने ताकभातावर ठेवलेल्या माणसाला मग “तुझ्यात दमच नाही” असे म्हणावयाचे, हा कोणता न्याय? जो पदार्थ नक्की बाधतो तेवढाच सोडावा. अंडी, मासे, पनीर, मुगाचे वरण, जे सोसेल ते पोटभर खावे.

एवढे सगळे करून जो शीण उरतो त्याच्याशी कसे राहावे? अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू आणखी उतरतात. रोज ठरावीक थोडे चालणे पुष्कळांना मानवते. पण “थोडे” या शब्दावर जोर आहे. या रोग्यांची एक चाल ठरलेली असते. एखादा दिवस बरा उजाडला की आठ दिवसांचे काम त्या दिवशी उरकावयाचे, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यापर्यंत चढावयाचे, आणि पुढचे तीन दिवस पडून काढावयाचे. चांगल्या दिवशीही हात राखून काम करणे हे शिकावे लागते, आणि घरच्यांनी ते शिकू द्यावे लागते. डेन्मार्कमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रोग शांत असूनही थकलेल्या ४० रोग्यांना चार आठवडे बी-१ जीवनसत्त्वाचा फार मोठा डोस दिला; खोट्या गोळीच्या तुलनेत अधिक जणांचा शीण कमी झाला. प्रयोग लहान आहे. त्यावरून औषधांच्या दुकानाकडे धाव घेण्याचे कारण नाही. डॉक्टरांना विचारण्याचे मात्र आहे.

डॉक्टरांकडे जाताना “थकवा येतो” एवढेच म्हणून चालत नाही. ते वाक्य त्यांनी त्या सकाळी वीसदा ऐकलेले असते. एका वहीत पंधरा दिवस लिहावे: किती वाजता अंग गळते, झोप किती झाली, रात्री किती वेळा उठावे लागले, कोणते काम पूर्वी होत असे आणि आता होत नाही. “पूर्वी मी तिसऱ्या मजल्यावर न थांबता जात असे, आता पहिल्या मजल्यावर टेकावे लागते,” हे वाक्य तपासणीला निमित्त देते. सून, मुलगी, पत्नी यांना तर हे विशेष करून सांगतो. आपल्या घरांतून बाईच्या थकव्याला तक्रारीचा दर्जाच मिळत नाही, तेव्हा तो कागदावर असलेला बरा.

राहता राहिली नोकरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मोजले आहेत. त्यांत हा रोग नाही. सवलत मागावयाची ती वरिष्ठांच्या समजुतीवर विसंबून. मागण्या तशा मोठ्या नसतात: स्वच्छतागृहाजवळची जागा, कामावर येण्याच्या वेळेत तासाभराची मोकळीक, दुपारी पंधरा मिनिटे पाठ टेकावयास मुभा, शिरेतून औषध घेण्याच्या दिवशी रजा. डॉक्टरांच्या दाखल्यावर बहुधा ‘पोटाचा विकार’ एवढेच लिहिलेले असते, आणि साहेब त्यावरून अपचन समजतात. त्याखाली, या दीर्घकालीन रोगात तीव्र थकवा येतो व तो पोट शांत असतानाही राहू शकतो, अशी एक ओळ रोग्याने मागून घ्यावी. ती लिहून द्यावयास कोणत्याही डॉक्टरला अडचण पडू नये.